ट्यूब अ‍ॅम्प बनवून विकायचाय? फेज स्प्लिटरचा ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी हे गणित करा



हाताने वस्तू बनवून विकण्याच्या आपल्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न बऱ्याच जणांकडून आला. "सर, ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर बनवून विकायचा विचार आहे. पुश-पुल सर्किटमध्ये फेज स्प्लिटरच्या जागी सरळ ट्रान्सफॉर्मर टाकला तर चालेल का? सर्किट सोपं होतं म्हणतात."

उत्तर आधीच देऊन टाकतो. चालतं, आणि चांगलं चालतं. पण सर्किट सोपं झालं म्हणजे धंदा सोपा झाला, असं नाही. जी अडचण तुमच्या सोल्डरिंगच्या टेबलावर होती, ती आता वाइंडिंगवाल्याच्या टेबलावर गेली, एवढंच. तिथे ती तुम्हाला मोजता आली नाही, तर फिरून तुमच्याच दारात येते. गिऱ्हाइकाच्या तक्रारीच्या रूपात.

हे मी पैसे मोजून शिकलोय. ती गोष्ट पुढे सांगतोच. आधी मुद्दा समजून घेऊ.

फेज स्प्लिटर लागतो कशाला?

मोठं लाकूड कापायची दोन माणसांची करवत पाहिलीय ना? एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो. मग दुसरा ओढतो. दोघांचा जोर सारखा आणि वेळ बरोबर उलटी असेल, तरच करवत सरळ चालते.

पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये दोन आउटपुट ट्यूब तसंच काम करतात. (आपल्याकडचे जुने मेकॅनिक ट्यूबला व्हॉल्व म्हणतात. वस्तू तीच.) एका ट्यूबचा करंट वाढतो तेव्हा दुसरीचा कमी होतो. त्यासाठी एकाच सिग्नलच्या दोन प्रती लागतात. आकाराने सारख्या आणि दिशेने उलट्या. या दोन प्रती काढून देणारा भाग म्हणजे फेज स्प्लिटर. प्रती सारख्या नसतील तर एक ट्यूब जास्त राबते, दुसरी कमी, आणि आवाजात विकृती वाढते.

हे काम करायचे तीन मार्ग आपल्या कामाचे आहेत.

१. कॅथोडाइन: एक ट्रायोड, तिच्या प्लेटला एक रेझिस्टर आणि कॅथोडला तेवढ्याच किमतीचा दुसरा. दोन्हीतून करंट एकच, म्हणून व्होल्टेज सारखं. विल्यमसन यांनी १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात जे प्रसिद्ध सर्किट दिलं, त्यात हाच प्रकार होता.

२. लाँग-टेल पेअर: दोन ट्रायोड एकाच कॅथोड रेझिस्टरवर. मलार्डच्या ५-२० या गाजलेल्या सर्किटमध्ये हा आहे.

३. ट्रान्सफॉर्मर: आजचा आपला विषय.

ट्रान्सफॉर्मर हे काम कसं करतो?

सेकंडरी वाइंडिंगच्या बरोबर मध्यातून एक तार बाहेर काढायची. हा सेंटर टॅप. तो ग्राउंडला जोडला की एका टोकावर सिग्नल सरळ मिळतो आणि दुसऱ्या टोकावर उलटा. दोन्ही अर्ध्या भागांत वेढे सारखे असतील तर व्होल्टेजही सारखं. ट्यूब म्हातारी झाली म्हणून वेढे कमी होत नाहीत, हा याचा मोठा फायदा.

ही काही नवी शक्कल नाही. ट्यूब महाग होत्या आणि त्यांचं अ‍ॅम्प्लिफिकेशन कमी होतं, त्या १९२०-३० च्या काळात दोन स्टेजच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर सर्रास असायचा. नंतर खिशातल्या ट्रान्झिस्टर रेडिओतही तोच आला. घरातला जुना ट्रान्झिस्टर उघडून पाहा. बऱ्याच सेटमध्ये दोन छोटे ट्रान्सफॉर्मर दिसतील. एक स्पीकरसाठी आणि दुसरा 'ड्रायव्हर'. त्या ड्रायव्हरच्या सेकंडरीला सेंटर टॅप असतो. म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी हा फेज स्प्लिटर आयुष्यभर हाताळलाय, फक्त त्याला या नावाने हाक मारली नसेल.

माझे बारा ट्रान्सफॉर्मर

आता माझी गोष्ट. ट्रेनिंग सुरू करण्याच्या कितीतरी आधी मी अ‍ॅम्प बनवायचो. एकदा सहा स्टीरिओ अ‍ॅम्पची ऑर्डर मिळाली. माझ्यासाठी ती फार मोठी होती. निम्मा अ‍ॅडव्हान्स घेतला आणि कामाला लागलो.

सर्किटमध्ये ६एसएन७ ही ड्रायव्हर ट्यूब होती. तिच्या प्लेटमध्ये ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, आणि सेकंडरीची दोन टोकं आउटपुट ट्यूबच्या ग्रिडला. माझ्याकडे एक जुना नमुना होता. तो वाइंडिंगवाल्याकडे घेऊन गेलो आणि म्हणालो, "दादा, असेच बारा पाहिजेत."

दादांनी नमुना सोडवला, वेढे मोजले, तारेचा गेज पाहिला आणि बारा नग तयार करून दिले. वेढे अगदी बरोबर होते. तरी एकही अ‍ॅम्प धड वाजला नाही. तबल्यातला बायाँ तर गायबच.

चुका दोन होत्या, आणि दोन्ही माझ्या. पहिली स्टॅम्पिंगची. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर भरताना इ आणि आय आकाराच्या पट्ट्या उलटसुलट भरतात, म्हणजे कोअरमध्ये फट राहत नाही. दादांनी सवयीप्रमाणे तसंच भरलं. पण माझ्या प्रायमरीतून सिग्नलबरोबर ट्यूबचा डीसी करंटही सतत जात होता. अशा ठिकाणी सगळ्या इ एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची फट ठेवावी लागते. फट नसेल तर डीसीमुळेच कोअर भरून जातो आणि खालच्या सुरांना जागाच उरत नाही.

दुसरी चूक वाइंडिंगची. सेकंडरीचा एक अर्धा भाग आत गुंडाळला होता आणि दुसरा त्याच्या वर. वेढे सारखे, पण आतला भाग कोअरजवळ, बाहेरचा लांब. त्यामुळे दोन्हींचं कपॅसिटन्स आणि लीकेज वेगळं. मधल्या सुरांत दोन्ही प्रती सारख्या होत्या, वरच्या सुरांत त्यांची फारकत झाली.

दादांना दोष देऊन उपयोग नव्हता. मी त्यांना फक्त नमुना दिला होता. आतून किती डीसी जाणार, कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत काम करायचं, दोन्ही भाग कसे गुंडाळायचे, हे कागदावर लिहूनच दिलं नव्हतं. त्यांनी विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. शेवटी घरातली एफडी मोडून अ‍ॅडव्हान्स परत केला. त्या बारापैकी एक ट्रान्सफॉर्मर आजही माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

जागा बदला, गणित बदलतं

नंतर मला जे कळलं, ते आजच्या लेखाचं सार आहे. ट्रान्सफॉर्मर तोच असतो. पण तो कुठे बसवता, यावर तो सोपा की अवघड, स्वस्त की महाग, हे ठरतं.

छोटं गणित करू. खालचे सूर नीट यायला प्रायमरीचं इंडक्टन्स पुरेसं लागतं. किती? आधीच्या स्टेजचा रेझिस्टन्स भागिले (६.२८ गुणिले फ्रिक्वेन्सी). या हिशोबाने त्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल साधारण ७० टक्क्यांवर येतो. खालची मर्यादा २० हर्ट्झ धरू.

- ईसीसी ८३ ट्यूबचा प्लेट रेझिस्टन्स सुमारे ६२,५०० ओहम. लागणारं इंडक्टन्स जवळजवळ ५०० हेन्री. हा नाद सोडा.
- ६एसएन७ चा सुमारे ७,७०० ओहम. लागणार साधारण ६१ हेन्री, तेही डीसीसाठी फट ठेवून. फट ठेवली की इंडक्टन्स घटतं, म्हणून कोअर मोठा घ्यावा लागतो. जमतं, पण ते कसबी माणसाचं काम आहे.
- डीएसी किंवा सीडी प्लेअरचं आउटपुट समजा ६०० ओहम. लागणार ५ हेन्रीपेक्षाही कमी! डीसी नाही, म्हणून फटही नको. व्होल्टेज कमी, म्हणून कोअर छोटा.

दिसलं का? ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्पच्या पोटातून काढून तोंडाशी, म्हणजे इनपुटला आणला, की तेच काम दहापटीने सोपं होतं. सिग्नल आत येतानाच दुभंगतो आणि तिथून पुढे दोन्ही प्रती समांतर जातात.

उदाहरण घेऊ. डीएसीचं आउटपुट २ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर असा की सेकंडरीच्या प्रत्येक अर्ध्या भागावर १ व्होल्ट मिळेल, म्हणजे शिखरावर साधारण १.४ व्होल्ट. पुढे इएल ८४ ची जोडी असेल तर प्रत्येक ग्रिडला शिखरावर ११-१२ व्होल्ट लागतात. म्हणजे मध्ये आठ-नऊपट अ‍ॅम्प्लिफिकेशन हवं. ईसीसी ८२ च्या एका काचेत दोन ट्रायोड असतात. एक ट्रायोड एका प्रतीला, दुसरा दुसऱ्या प्रतीला. आरामात भागतं. एका चॅनलला एकूण तीन ट्यूब.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ट्रान्सफॉर्मरने प्रती सारख्या दिल्या, तरी पुढचे दोन ट्रायोड सारखे नसतील तर फरक पुन्हा येतो. म्हणून दोघांचा कॅथोड रेझिस्टर एकच ठेवा आणि ट्यूब मोजून घ्या.

व्हॉल्यूमचा सापळा

इथे हमखास पाय घसरतो. सवयीने आपण इनपुटलाच ५० किलोओहमचा व्हॉल्यूम लावतो आणि त्यापुढे ट्रान्सफॉर्मर. मग ट्रान्सफॉर्मरला समोर ६०० ओहम दिसतच नाहीत. व्हॉल्यूम मधल्या भागात असताना तो १२,५०० ओहमपर्यंत दिसतो. पुन्हा तेच सूत्र लावा. ५ हेन्रीची गरज थेट १०० हेन्रीवर जाते, आणि बास पुन्हा गायब!

उपाय दोन. व्हॉल्यूम १० किलोओहमचा घ्या. मग वाईटात वाईट अडीच ते तीन हजार ओहम दिसतील आणि २०-२५ हेन्रीत काम होईल. किंवा व्हॉल्यूम ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, दोन्ही प्रतींवर एकाच वेळी फिरणारा लावा. त्याला खर्च जास्त येतो.

पण गिऱ्हाईक पैसे कशाचे देतो?

आता खरा धंद्याचा प्रश्न. वर सांगितलेल्या कॅथोडाइनला काय लागतं? एक ट्रायोड आणि दोन रेझिस्टर. त्यातही एका चॅनलला तीनच ट्यूब लागतात, आणि आवाज उत्तम येतो. मग ट्रान्सफॉर्मरसाठी वेगळे पैसे का घालायचे?

"आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर फेज स्प्लिटर आहे" हे ऐकून गिऱ्हाईक पैसे देत नाही. त्याला तो शब्दच माहीत नाही. तो पैसे देतो त्याच्या अडचणीचे. आणि घरोघरची अडचण एकच: हम. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप, अ‍ॅम्प, सगळे वेगवेगळ्या प्लगवर. अर्थिंगचे दोन रस्ते तयार झाले की त्या फेऱ्यात करंट फिरतो आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. गिऱ्हाईक म्हणतं, अ‍ॅम्प खराब आहे. तुम्ही स्वतःच्या पेट्रोलने त्याच्या घरी जाता. अ‍ॅम्प चांगलाच असतो.

इनपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात तारेचा संबंधच नसतो. सिग्नल फक्त चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, त्यामुळे तो फेरा तुटतो. म्हणजे जो भाग प्रती काढून देतो, तोच हमही थांबवतो. एका भागात दोन कामं. इथे त्याची किंमत वसूल होते.

मात्र इनपुट सॉकेट चासीपासून वेगळं, इन्सुलेटेड ठेवा. प्रायमरीची दोन्ही टोकं फक्त सॉकेटला जोडा. सॉकेटची बाहेरची रिंग चासीला टेकली की सगळी मेहनत पाण्यात. आणि हम घालवण्यासाठी चासीचं अर्थिंग कधीही काढायचं नाही. तीन पिनांचा प्लग म्हणजे गिऱ्हाइकाचा जीव आहे.

माल घेताना करायच्या चार टेस्ट

पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की बाहेरून मागवलेला माल असो. प्रत्येक नग मोजल्याशिवाय डब्यात बसवू नका.

१. समतोल टेस्ट. प्रायमरीला १ किलोहर्ट्झचा सिग्नल द्या. सेकंडरीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावून त्यांची दुसरी टोकं एकत्र जोडा. दोन्ही रेझिस्टर मीटरने जुळवून घ्या. त्या जोडावर आणि सेंटर टॅपमध्ये जे व्होल्टेज दिसेल, तो दोन प्रतींमधल्या फरकाचा अर्धा भाग. दोन्हीकडे १ व्होल्ट असताना तिथे ५ मिलिव्होल्ट दिसले, तर फरक एक टक्का आहे.

२. वरच्या सुरांची टेस्ट. हेच १० आणि २० किलोहर्ट्झला करा. साधा मल्टिमीटर इथे खोटं बोलतो, ऑसिलोस्कोप लागेल. माझे बारा नग पहिल्या टेस्टमध्ये पास झाले असते आणि इथे नापास.

३. खालच्या सुरांची टेस्ट. प्रत्यक्ष सर्किटमध्ये बसवून, व्हॉल्यूम मध्यावर ठेवून ३० हर्ट्झ आणि १ किलोहर्ट्झचं आउटपुट ताडून पाहा.

४. हमची टेस्ट. चासीला भोकं पाडायच्या आधी करा. छोटा ट्रान्सफॉर्मर मेन्स ट्रान्सफॉर्मरपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा आणि हाताने हळूहळू फिरवा. एका कोनात हम सगळ्यात कमी येईल. तिथे खूण करा, मग ड्रिल घ्या. तरी हम उरला तर म्यूमेटलचा डबा असलेला नग घ्यावा लागेल.

वाइंडिंगवाल्याला देताना कागदावर लिहा: कुठे बसणार, डीसी आहे की नाही, किती व्होल्ट, किती हर्ट्झ ते किती हर्ट्झ, आणि सेकंडरी बायफायलर हवी. म्हणजे दोन तारा हातात एकत्र धरून गुंडाळायच्या आणि एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या पहिल्या टोकाला जोडायचं. तो जोड म्हणजे सेंटर टॅप. दोन्ही अर्धे भाग शेजारी शेजारी असल्याने सारखे राहतात. इनपुटला व्होल्टेज कमी असल्याने इन्सुलेशनवरही ताण येत नाही.

कॉस्टिंग: नगाची किंमत आणि खरी किंमत

पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमचे तुम्ही टाका.

समजा स्थानिक वाइंडिंग १,२०० रुपये नग. दहा करून घेतले, १२,००० रुपये. टेस्टला प्रत्येकी अर्धा तास. तुमचा तास ३०० रुपयांचा धरला तर टेस्टिंगचे १,५०० रुपये. दहापैकी सात पास झाले. १३,५०० भागिले ७, म्हणजे खरी किंमत सुमारे १,९३० रुपये. बिलावरची १,२०० नव्हे.

दुसरी बाजू. स्वीडनचं लुंडाल, अमेरिकेचं जेन्सन, कॅनडाचं हॅमंड अशा कंपन्या ट्रान्सफॉर्मरची मापं डेटाशीटमध्ये छापून देतात. समजा ड्यूटी, टॅक्स आणि कुरिअर धरून एक नग ५,००० रुपयांना पडला. पाच स्टीरिओ अ‍ॅम्पना दहा नग, म्हणजे ५०,००० रुपये माल विकला जाईपर्यंत अडकून राहणार.

माझा सल्ला: पहिल्या एका अ‍ॅम्पसाठी डेटाशीटवाला नग घ्या. तो तुमची मोजपट्टी. मग स्थानिक नग त्याच्याशी ताडून पाहा. मोजपट्टी हातात असली की वाइंडिंगवाल्याशी बोलणंही बदलतं. "आवाज बरोबर नाही" असं म्हणण्याऐवजी "दादा, १० किलोहर्ट्झला दोन टक्के फरक आहे" असं सांगता येतं, आणि तो सुधारून देऊ शकतो.

आणि तुमच्या गिऱ्हाइकाकडे फक्त एक डीएसी आणि अ‍ॅम्प असेल, हमची अडचणच नसेल, तर सरळ कॅथोडाइन करा. दोन रेझिस्टरमध्ये होणारं काम हजारो रुपयांत करण्यात शहाणपण नाही.

जिवाशी खेळ नको

ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ३०० व्होल्ट आणि त्याहून जास्त डीसी असतो. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ब्लीडर रेझिस्टर लावाच, आणि हात घालण्याआधी मीटरने शून्य पाहा. यात नवीन असाल तर अनुभवी माणसाच्या शेजारी बसून शिका. पहिला अ‍ॅम्प विकायची घाई नको.

आजचा होमवर्क

वहीत तीन ओळी लिहा. माझ्या वस्तूतला कोणता भाग मी बाहेरून घेतो? तो बरोबर आहे हे मी कोणत्या मापाने ठरवतो? ते माप मी पुरवठादाराला लिहून दिलंय का?

अ‍ॅम्प असो, मसाला असो की शिवणकाम असो, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर पुढची ऑर्डर घेण्याआधी तो कागद तयार करा. माझ्याकडे तो असता, तर टेबलावर आज दुसरा पेपरवेट असता.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!